साडूंचे गुलाबी बूट

ज्या बुटाबद्दल माझ्या साडूंचं काही ठाम मत नाही, असा बूट अजून या पृथ्वीवर शिवला गेलेला नाही. माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. ते आधी पायांकडे बघतात, तिथली पाहणी पुरी झाली की मग सवडीने वर येतात, आणि तोवर समोरच्याचा नमस्कार हवेतच लटकलेला असतो. माझं लग्नसुद्धा त्यांच्या या सवयीमुळेच जमलं असं आमच्या घरात मानतात. मी मुलगी बघायला पाचोडला गेलो, तेव्हा ते त्या घरचे थोरले जावई होते. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या, माझ्या नोकरीची, शेतीची, आजोळाची चौकशी चालली होती, आणि हे गृहस्थ बाहेर ओसरीत माझे काढून ठेवलेले बूट उलटे करून उन्हात धरून बघत होते. मग आत येऊन त्यांनी सासऱ्यांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगा सरळ चालतो. दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात." सासऱ्यांचा चेहरा उजळला आणि बोलणी पुढच्या गोष्टींवर गेली. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो याची त्या दिवशी कोणी फारशी दखल घेतल्याचं मला आठवत नाही.

बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात, आणि त्या शब्दात एकाच दुकानातून माल घेतलेल्या दोन गिऱ्हाइकांची जवळीक असते. वाळूजच्या एका कारखान्यात ते तयार मालाची तपासणी करतात. गाड्यांचे सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि केसाएवढा फरक दिसला की बाजूला टाकायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे घरी आल्यावरही डोळा काही कामावरून उतरत नाही. पोळीची कड जाड राहिली आहे हे त्यांना ती ताटात पडायच्या आधी कळतं. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, "मग टाका बाजूला अन् उठा उपाशी" म्हणाली की मात्र ती पोळी तपासणीत पास होते.

अशा माणसाला पळायचं वेड लागलं ते लेकीमुळे. ऋतुजा त्यांची एकुलती एक. शाळेत असताना तिची जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि रोज पहाटे बीड बायपासच्या बाजूला पळायला जाणं आलं. एकट्या मुलीला अंधारात कसं सोडायचं म्हणून दाजी स्कूटरवर मागून जायला लागले. थोड्याच दिवसांत ऋतुजाने तक्रार केली की पप्पांच्या स्कूटरच्या फटफट आवाजामुळे तिच्या श्वासाचा ताल चुकतो. दाजींनी त्यावर दोन दिवस विचार केला, स्कूटर घरी ठेवली आणि साध्या चपलेवर तिच्या मागे धावत सुटले. त्या दिवशी ते परत आले तेव्हा एक चप्पल हातात होती, दुसरी कुठे होती ते त्यांनाही सांगता येईना. पण सोबत म्हणून सुरू झालेलं ते पळणं पुढे सुटलंच नाही. ऋतुजा बारावी झाली, इंजिनिअर झाली, नोकरीला बेंगळुरूला गेली, तरी दाजी पहाटे पळतच राहिले. हिवाळ्यात शहरात पळण्याची मोठी स्पर्धा होते, त्या स्पर्धेसाठी ऋतुजा सुट्टी काढून यायची आणि बापलेक शेजारी शेजारी पळायचे, ती कडेने आणि दाजी वाहनांच्या बाजूने.

चप्पल हरवल्याच्या दिवसापासून दाजींनी बूट या विषयात जे लक्ष घातलं ते त्यांच्यापुरतं राहिलं नाही. शहरातला कोणीही पळणारा नवा बूट घेण्याआधी त्यांच्याकडे येऊ लागला. ते त्याला अंगणात ओल्या पायांनी चालायला लावायचे, फरशीवरचे ठसे उकिडवं बसून बघायचे आणि मग निदान सांगायचे. "तुम्ही आतल्या अंगाला कलता," असं त्यांनी एका बड्या वकिलांना भर लग्नात सांगितलं होतं. वकीलसाहेब सबंध जेवण होईपर्यंत गंभीर होते. त्यांना ते चारित्र्याविषयी वाटलं होतं.

आणि मग ते कार्बनच्या पत्र्याचे बूट आले. त्यांची माहिती मला प्रथम मिळाली ती आमच्याच घरी, रविवारी, ढोकळा खाताना. मी सहज विचारलं, हे एवढं काय असतं त्या बुटात. दाजींनी ढोकळ्याचे दोन तुकडे घेतले, मध्ये चमचा ठेवला आणि वरून बोटाने दाबलं. "हा ढोकळा म्हणजे बुटाचा तळ. मऊ, जाडजूड, अन् वजनाला काहीच नाय. हा चमचा म्हणजे कार्बनचा पत्रा, पुढून असाच वळलेला. पाय पडला की ढोकळा दबतो, पत्रा वाकत नाय, अन् पाय उचलताना तो तुम्हाला पुढं लोटतो. बघा." त्यांनी बोट काढलं. चमचा जरा हलला, ढोकळा फुटला आणि मोहरी माझ्या शर्टावर उडाली. "समजलं का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. माझी बायको म्हणाली, "दाजी, आता ते खाऊन टाका." त्यांनी ते प्रात्यक्षिक शांतपणे खाऊन टाकलं.

त्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष हे कुटुंब त्या बुटात होतं असं म्हणायला हरकत नाही. दाजी स्वतःसाठी बूट बघत होते, आणि दुसऱ्यांना अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या या माणसाला स्वतःचा निकाल लावता येईना. कुणी ओळखीच्याने असा बूट घेतला की ते तो मागून घरी आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचे. अक्का त्याच काट्यावर दिवाळीच्या लाडवांची साखर मोजते. तिने एकदा काटा लपवला, तर हे खाली वाण्याकडे बूट घेऊन गेले आणि डाळीच्या रांगेत उभे राहिले. हलका बूट मिळाला तर त्याचा तळ उंच निघायचा, वळणावर पाय मुरगळेल म्हणायचे. तळ बरा असला तर पुढून चिंचोळा निघायचा. दाजींचा पाय रुंद, लहानपणी काळ्या रानात अनवाणी वाढलेला, बोटं पंख्यासारखी फाकलेली. "हे बूट बनवणारांनी माणसाचा पाय पाह्यलेलाच नाय," ते म्हणायचे, "मासा पाह्यलाय."

शहरात असे बूट ठेवणारं एक दुकान निराला बाजारच्या बाजूला आहे. दाजी तिथं जाताना खिशात कारखान्यातलं मोजायचं कॅलिपर घेऊन जायचे. बूट हातात घ्यायचा, वाकवून बघायचा, टाचेत अंगठा रोवायचा, कानाशी धरून तळावर टिचकी मारायची, नाकाला लावून डिंकाचा वास घ्यायचा. दुकानातला सलीम नावाचा विक्रेता अतिशय सोशिक माणूस. त्यांना दारात बघितलं की तो स्टूल पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "क्या चाचा, आज बी देखनेकोच आए क्या?"

"हौ," दाजी प्रामाणिकपणे सांगायचे.

"तो बैठो. चाय मंगातूं."

एकदा त्यांच्यासोबत मी होतो. दोन तास होऊन गेले होते. दाजींनी एक जोड घालून दुकानाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत पळून बघितलं, परत आले, काढला, पुन्हा दुसरा घातला आणि शेवटी काहीच न घेता बाहेर आले. मी कंटाळलो होतो. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही चहा घेतला तेव्हा मी म्हणालो, "दाजी, रागावू नका, पण या वयात थोडं जोरात पळून तुम्हाला करायचंय काय?"

त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, "मागल्या हिवाळ्यातलं तुम्हाला माहीत नाय."

मागल्या हिवाळ्यात स्पर्धेत त्यांना मध्येच चक्कर आली होती. थोडा वेळ ते दुभाजकावर बसले, पाणी प्यायले आणि उठून पुढे गेले, एवढं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते त्यानंतरचं. ऋतुजा त्या क्षणापासून शेवटपर्यंत त्यांच्या शेजारून हलली नाही, जवळजवळ चालत आली. संध्याकाळी ती गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मैत्रिणीने तिची वेळ विचारली असावी. ती हसून म्हणाली, "वेळेचं काही विचारू नकोस गं. मी पप्पांसोबत पळाले." दाजी आत कपडे घडी करत होते, त्यांनी ते ऐकलं.

"तिच्या बोलण्यात राग नव्हता बरं का," ते म्हणाले. "राग असता तर बरं झालं असतं. लेकरू वर्षभर तिकडं घाम गाळती, अन् इथं येऊन माझ्यापायी हळू पळती. मी म्हणालो, पुढच्या साली तू हो पुढं, माझी वाट नको बघू. तर म्हणती, पप्पा, तुम्ही मागं धापा टाकताय हे डोक्यात असलं की माझा पाय उचलत नाय."

"मग बुटाने काय होणार?"

"मला जिंकायचं नाय, साडूभाऊ. निम्म्या रस्त्यापर्यंत तिच्या बरोबरीनं जायचंय. हसत जायचंय. तिला वाटलं पायजे की म्हातारा ठीक आहे. मग ती जाईल." त्यांनी चहा संपवला, कप पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "तेवढं पुढं लोटणारा बूट पायजे."

त्यानंतर ते दुकानात जायला निघाले की मी आपण होऊन गाडी काढू लागलो.

बूट शेवटी मिळाला तो दिवाळीनंतर. पुढून रुंद, टाचेला घट्ट, तळ उंच पण डगमगणारा नाही, हातात घेतला तर वाळलेल्या कणसासारखा हलका. दाजींनी सगळ्या बाजूंनी मोजला, दोन वेळा पळून बघितलं आणि त्यांच्या तोंडून त्या वर्षात प्रथमच निघालं, "पास." अडचण एकच होती. त्यांच्या मापात तो फक्त गुलाबी रंगात होता. साधा गुलाबी नव्हे. जत्रेतली साखरेची कापसासारखी मिठाई असते ना, तो गुलाबी, आणि त्याला पिवळ्या नाड्या. कारखान्यात लोक ज्यांच्या सहीला भितात असा हा माणूस आरशापुढे त्या बुटात उभा राहिला तेव्हा सलीमसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. "काळा येणार नाही का?" दाजींनी हळूच विचारलं. "आएंगा चाचा, पन दो-तीन महिने लगेंगे," सलीम म्हणाला. स्पर्धा त्याच्या आधी होती. दाजींनी बूट घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कॉलनीच्या मागच्या फाटकातून घरी नेला. अक्काने तो बघितला आणि म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढा रंग घातला नव्हता तुम्ही."

मग तयारी सुरू झाली. त्या बुटात रोज पळायचं नसतं, पोटऱ्या भरून येतात, म्हणून आठवड्यातून एकदाच ते घालायचे, तेही अंधार असताना. पण मला जास्त नवल वाटायचं ते त्यांच्या दुसऱ्या सरावाचं. ते पळता पळता बोलायला शिकत होते. आमच्या घरावरून जाताना मी गेटात उभा असलो की ते वेग कमी न करता म्हणायचे, "काय साडूभाऊ, चहा झाला का, कॉलेजला किती वाजता निघणार?" पहिल्यांदा ते वाक्य "चहा"पाशीच संपलं. हळूहळू ते लांबत गेलं. हिवाळा चांगला सुरू झाला तेव्हा ते "कॉलेजला"पर्यंत येऊनही मोडलं नाही, आणि शेवटी एक हलकं हसूही त्यात बसलं. ते हसू कोपऱ्यावर वळेपर्यंत टिकायचं. वळल्यावर पुढे काय व्हायचं ते एकदा मी गच्चीवरून बघितलं. ते विजेच्या खांबाला धरून उभे होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ऋतुजा आली. तिने गुलाबी बूट बघितले आणि खाली बसून हसत सुटली. मग तिने त्यांचा तळ दाबून बघितला, आत हात घालून बघितला आणि एकदम शांत झाली. "पप्पा, हे चांगले आहेत," ती म्हणाली. "खूप विचार करून घेतलेत." दाजी म्हणाले, "होय, मिळाले असेच." एक वर्षाचा प्रवास त्यांनी तीन शब्दांत गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अक्का जालना रोडवर सेव्हन हिल्सच्या उड्डाणपुलाच्या चढापाशी जाऊन थांबलो. साधारण निम्मं अंतर तिथं संपत होतं. अक्काने पाण्याची बाटली आणि खडीसाखर आणली होती. थंडी होती. पुढचे तरणेताठे लोक निघून गेले आणि मग मला ते गुलाबी बूट दिसले, माणसाच्या आधी बूटच दिसले. शेजारी ऋतुजा होती. दाजी तिच्या बरोबरीने येत होते, मान ताठ, खांदे सैल. त्यांना इतक्या वेगाने पळताना मी कधीच बघितलं नव्हतं. अक्काने माझं मनगट धरलं.

आमच्याजवळ आल्यावर, चढ सुरू होण्याआधी, ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "ऋतू, मला मस्त वाटतंय आज. तू हो पुढं, मी माझ्या तालात येतो. अन् नाश्त्याला थांब, एकटी खाऊ नको." सबंध वाक्य न मोडता आलं, शेवटच्या हसण्यासकट.

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. "नक्की, पप्पा?"

"जा बाळा."

आणि ती गेली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, पण तिचं खरं पळणं मी त्या दिवशी बघितलं. तो चढ तिच्यापुढे सपाट झाल्यासारखा वाटत होता. पुढच्यांच्या मधून वाट काढत ती वर वर जात राहिली आणि दाजी तेच हसू धरून तिच्या मागे पळत राहिले, ती पुलाच्या माथ्यावरून पलीकडे उतरेपर्यंत. मग ते थांबले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. आम्ही धावत त्यांच्यापर्यंत गेलो तेव्हा त्यांच्या छातीचा भाता नुसता वाजत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दमल्याचं की कशाचं ते मला सांगता येणार नाही. अक्काने त्यांना कठड्यापाशी बसवलं, खडीसाखर तोंडात घातली.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

"मागं वळून बघितलं?"

"एकदा. वर पोचल्यावर."

"मग?"

"मग गेली."

ते पाणी प्यायले. अक्का म्हणाली, "आता चला घरी. रिक्षा बघते." त्यावर ते हसले, आणि हे हसू सरावातलं नव्हतं. "घरी कामून? ती नाश्त्याला थांबली असंल ना." ते उठले, नाड्या घट्ट केल्या आणि चालत चालत, मध्येच दुडक्या चालीने पळत, पुलावर चढले. उरलेलं अंतर त्यांनी कसं कापलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते पोचले तेव्हा स्वागताची कमान उतरवायला सुरुवात झाली होती आणि ऋतुजा गळ्यात पदक घालून, हातात उपम्याचे दोन बंद डबे घेऊन उभी होती. मुलींमध्ये ती दुसरी आली होती.

"पप्पा, कुठं होतात तुम्ही?"

"नवीन बूट आहेत," दाजी म्हणाले. "जपून आलो."

त्यांना खुर्चीवर बसवून ती खाली बसली आणि नाड्या सोडून त्यांचे बूट काढले. एका अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. तो अंगठा तिने तळव्यात धरून ठेवला, बराच वेळ. तिला किती कळलं, कधी कळलं, हे मी विचारलं नाही; त्या घरात ते कोणी कोणाला विचारत नाही. दोघांनी तिथंच बसून थंड उपमा खाल्ला, आणि उपम्यात मीठ कमी आहे असं दाजींनी सांगितलं.

त्यानंतर ऋतुजा नोकरीच्या निमित्ताने देशाबाहेर गेली. तिकडच्या स्पर्धांचे फोटो ती पाठवते आणि दाजी ते मोठे करून बाकीच्यांचे बूट बघतात. गेल्या हिवाळ्यात तिला रजा मिळाली नाही. दाजींनी स्पर्धेत नाव घातलं नाही, म्हणाले, पोटरी दुखते. पण पहाटेचं पळणं चालू आहे. दूध आणायला जाताना मला ते बऱ्याचदा दिसतात. रस्त्याच्या कडेला चांगली मोकळी जागा असते, तरी ते कडेने पळत नाहीत, एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून आतल्या बाजूने पळतात. मागून येणारे एसटीवाले हॉर्न वाजवतात. मी एकदा गाडी त्यांच्याजवळ नेऊन म्हणालो, "दाजी, थोडं कडेला सरका ना. धोका कशाला?"

"कडेला खडी असती," ते म्हणाले. "पाय घसरतो."

तो रस्ता नवा झाला आहे. दोन्ही कडांपर्यंत गुळगुळीत डांबर आहे. मी बरं म्हणालो आणि गाडी जरा हळू करून, बसवाल्यांना दिसेल अशी, त्यांच्या मागे मागे थोडा वेळ चालवत राहिलो.